बाबांच्या फळ्या

आर्वो,

मी ताईकडे जातेय. माशाचं सूप फ्रिजमध्ये आहे.

आपल्या नव्या सॉनाची शेगडी अजून खोक्यातच आहे, तरी आज सकाळी मी झाडायला गेले तर आतला बाक गरम होता. त्या बाकाच्या फळ्या तू मला न विचारता बाबांच्या जुन्या सॉनातून काढून आणल्यास. त्या फळ्यांवरच आम्ही बहिणींनी बाबांना शेवटची अंघोळ घातली होती.

मी दार लावत होते, तेवढ्यात आतून बाबांचा आवाज आला, "सायमी, पाणी टाक की जरा."

मी गरम बाकावरच पाणी टाकलं, वाफ उठली आणि तासभर त्यांच्याशी बोलत बसले. भीती वाटली नाही. पण तुझं नाव काढलं, तसे ते गप्प झाले.

फळ्या आजच परत नेऊन लाव. एकटा आत जाऊ नकोस.

सायमी