पँट तपकिरीच होती

४ जून
चिरंजीव नापास! इंजिन ड्रायव्हरच्या नोकरीसाठी बाकी सगळं पार पडलं आणि रंगीत ठिपक्यांपाशी अडकला. ठिपक्यांत लपलेला आकडा दिसेना. म्हणे, "छपाई पुसट होती." आता इस्पितळात मशीनवर तपासणार.

७ जून
मीही गेले. त्याच्या डोक्याला मागे पेस्ट लावून तारा चिकटवल्या. पडद्यावर लाल-हिरवे पट्टे लुकलुकणार — उजळपणा सारखाच, रंग तेवढे वेगळे. मशीनवाली मुलगी म्हणाली, "बोलायचं काही नाही. रंग वेगळे कळले की मेंदूतच वीज उमटते, रेघ उसळते." पाहण्याचं काम म्हणे डोक्याच्या मागच्या भागात चालतं. मला वाटायचं, तिथे फक्त अंबाडा असतो!

रेघ उसळली नाही. आडवी पडून राहिली, सुट्टीच्या दिवशी चिरंजीव पडतात तशी. ड्रायव्हरकी गेली, तिकीट खिडकीवर घेतील म्हणतात.

वाटेत फणकारला, "बाबांकडूनच आलं हे! ऑफिसातले अजून सांगतात, हिरवी पँट घालून यायचे!"

तपकिरी होती. मीच आणली होती. माणूस गेला, उत्तर द्यायला येत नाही, म्हणून काहीही बोलायचं?

८ जून
ग्रंथालयातून पुस्तक आणलं. मुलाला हा दोष बापाकडून येतच नाही — आईकडून येतो! वाचून दाखवलं. "पुस्तकात काय, काहीही लिहितात." बरं. मग मशीनच सांगू दे.

९ जून
ह्यांची पँट कपाटातून काढून उन्हात धरली. तपकिरीच.

११ जून
बसले खुर्चीत. मुलगी म्हणाली, "काकू, आईला बहुतेक वेळा रंग नीट दिसतात, रेघ जराशी मंद येते इतकंच." तारा लावल्या. समोर नुसता कोरा पडदा. मी वाट पाहिली, पाहिली, शेवटी म्हटलं, "अगं, सुरू कर की!"

"काकू, केव्हाचं सुरू आहे."

रेघ सपाट! मुलीने माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या साडीकडे. "ही कोणत्या रंगाची?"

"तपकिरी."

"काकू, हिरवीगार आहे."

चिरंजीव हसत सुटला. मग एकदम थांबला. "आई... म्हणजे बाबांची पँट..."



१२ जून
वन्संना फोन केला. विचारलं, तुमच्या दादांना ठाऊक होतं का?

"वहिनी, तुमचं लग्न झालं त्याच आठवड्यात दादाने आम्हा सगळ्यांना बजावलं होतं — ती म्हणेल तो रंग."