घटाला दिलेले बी

आज घटस्थापना. सकाळी अंघोळ केली, देवीपुढे दिवा लावला आणि बियाण्याच्या कणगीच्या तोंडावरचा शेणमातीचा लिंपा फोडला. दरवर्षी घटापुरता मूठभर गहू काढून तोंड पुन्हा लिंपतो. आज लिंपले नाही. का, ते शेवटी लिहितो.

मी, राधाकिशन आप्पाराव मस्के, वय एकोणपन्नास, धंदा शेती, राहणार तलवाडा, तालुका गेवराई, जिल्हा बीड. परवा संभाजीनगरला माझ्या हृदयाची झडप बदलायची आहे. परत येणे देवीच्या हाती, म्हणून हे मृत्युपत्र. बुद्धी शाबूत आहे. कोणाचे दडपण नाही असे अशा कागदात लिहितात. मला ते लिहिता येत नाही. दडपण आहे, धाकटा भाऊ विजयसिंह याचे. पण यातला एकही शब्द त्याच्या सांगण्यावरून नाही.

राहते घर आणि गाय पत्नी सुरेखा हिला. बँकेतली ठेव मुलगी संस्कृती हिच्या शिक्षणासाठी. लग्नासाठी ती मोडू नये.

विहिरीकडचा माझा हिस्सा विजयसिंहाला. भिजलेले रान त्याला लहानपणापासून आवडते.

माळाकडची बरड पट्टी सुरेखाला, तिच्यामागे संस्कृतीला. अट एकच. दर रब्बीला तिथे आपला बन्सी गहू पेरावा, पाणी देऊ नये, आणि पुढचे बी त्याच पट्टीतून निवडावे. आईचा विळा यासाठी संस्कृतीने ठेवावा.

अटीचे कारण लिहितो. आमची आई, कै. केसरबाई, पीक उभे असतानाच बियाण्याच्या ओंब्या कापायची, त्याही माळाकडच्याच. तिथल्या ओंब्या बारक्या. मी विचारले तर म्हणायची, "पान्याजवळचं लई देखनं असतंय, पन उपाशी राहून दावलंय का त्यानं?" काळ्या कुसळांची, पांढऱ्या कुसळांची, बुटकी, उंच, सगळी मिसळून घ्यायची.

ती गेल्यावर विजयसिंहाने त्याच्या वाट्याचे बी विहिरीकडच्या भरदार ओंब्यांचे धरले. काळ्या कुसळांची झाडे उपटून टाकली. "भेसळ दिसती दादा, चारचौघांत लाज वाटती." तीन-चार वर्षे त्याचा गहू माझ्यापेक्षा उजवा होता, हे खरे. मग ज्या साली परतीचा पाऊस आलाच नाही आणि विहीर आटली, त्या साली त्याचा गहू ओंबीत वाळला. बांधाच्या अलीकडे माझा भरला.

कृषी विद्यापीठाच्या मंजुषाताई दोन्ही रानांत फिरल्या. त्यांनी मुळे खणून पाहिली. म्हणाल्या, "काका, दुष्काळ सोसायचं असं एकच जनुक नसतं. पुष्कळ असतात, आणि प्रत्येकाचा हातभार थोडा. एखाद्या झाडाचं मूळ खोल, एखाद्याच्या पानावर मेण, एखादं लवकर ओंबी काढून मोकळं होतं. तुमच्या गव्हात ती सगळी आहेत. पाण्यावर वाढलेल्यातून निवड केली की त्यांची परीक्षाच होत नाही. मग ती हळूहळू गळतात, आणि कळत नाही."

विजयसिंह ऐकत होता. चूक कबूल करायच्या ऐवजी त्याने एक बियाणे कंपनी गाठली. त्यांना माझी कणगी हवी आहे. त्यातून ते एकसारखे झाड निवडणार, आणि हे बी दुसऱ्या कोणाकडे असू नये ही त्यांची अट आहे. काल विजयसिंह उंबऱ्यात उभा राहून बोलला.

"उद्या चारला गाडी येती. कणगी उगडून ठेव."

"न्हाई दिली तर?"

"तर दवाखान्यात माझी वाट बगू नको. ऑपरेशनच्या कागदावर सही कोन करतंय ते बगतो."

सुरेखा आतून म्हणाली, "सही मी करते की भाऊजी. मला लिहाया येतंय."

आता दुपार झाली आहे. गाडी अजून आलेली नाही.

आमच्याकडे घटासाठी दिलेले बी परत मागत नाहीत आणि विकतही नाहीत. आज सकाळी मी आणि सुरेखा गल्लीतल्या घरोघरी सुपाने गहू देऊन आलो.

चंद्रभागाकाकू म्हणाल्या, "येवढा? घटाला मूठ लागती रे."

"मूठ घटाला, काकू. उरलेला दिवाळीनंतर माळाला पेरा. काळी कुसळं काढू नका."

"आन विजयसिंह?"

"देवीच्या नावाचं हाय. त्यो मागनार न्हाई."

"मागनार न्हाई. पन तुझ्याशी बोलनार बी न्हाई."

मी रिकामे सूप भरायला पुन्हा कणगीकडे गेलो.

शेवटचे कलम. कणगी विजयसिंहाला. ती रिकामी आहे. भरायची असेल तर येत्या सुगीनंतर त्याने कोणाच्याही दारात सूप घेऊन उभे राहावे. कोणीही त्याला नाही म्हणू नये, अशी माझी सगळ्या घरांना विनंती आहे. आमच्या घटापुढे ठेवलेला सूपभर वाटा मी त्याच्यासाठीही पेरणार आहे. मी नसलो तर सुरेखा पेरील.

वाचून पाहिले, बरोबर आहे.

राधाकिशन आप्पाराव मस्के (सही)

आमच्यादेखत सही केली:
चंद्रभागाबाई खरात (डाव्या हाताचा अंगठा)
रामप्रसाद घोलप (सही)

तलवाडा, आश्विन शुद्ध प्रतिपदा, ३ ऑक्टोबर २०२४