कॅप बसवली, असं सांगितलं होतं

४ नोव्हें., मंगळ.
शेजारच्या उम्म फहदनं खजुराचा डबा दिलेला. बदाम भरलेले, म्हणाली. एकात नेमकी बी. डाव्या दाढेवर कट्‌. हातात नखाएवढा तुकडा आला. दुखलं मुळीच नाही. रूट कॅनल झालेल्या दाताला दुखायला उरतं काय!
जूनमध्ये पुण्यात डॉक्टर बजावत होते, पंधरा दिवसांत कॅप बसवा, नाहीतर फुटेल. पण हे इथे सौदीत, खोबरला, छातीत दुखलं म्हणून ॲडमिट. तरी फोनवर ह्यांचं एकच, "दाताचं पुरं करूनच ये." मी तिसऱ्या दिवशी विमानात. ह्यांना सांगितलं, बसवली.

५ नोव्हें.
जीभ सारखी तिथेच. उजव्या बाजूच्या दाढा कधीच गेल्या. ही गेली तर चावायचं कशानं?
शाळेत शुक्रवारी सिस्टर नखं आणि दात तपासायच्या. किडका दात मी जिभेआड लपवायची. त्या रागवायच्या नाहीत, नुसत्या थांबून राहायच्या, मी तोंड नीट उघडेपर्यंत.

६ नोव्हें., गुरु.
इथल्या दातांच्या डॉ. नसरीन मूळच्या महाडच्या. "मावशी, पाच महिने नुसत्या भरणीवर चालवलंत? कमाल आहे तुमची!"
मूळ चांगलं आहे. त्यात पोस्ट, म्हणजे बारीक खुंटीच, रोवायचा, त्यावर दात उभा करायचा, वर कॅप. पण कॅपला धरायला हिरडीच्या वर दोन मिलीमीटर तरी मूळचा दात हवा, सगळीकडून. माझा आतल्या बाजूला जेमतेम. आणि तडा मुळात उतरला असेल तर काढायचाच. रंग लावून, भिंगाखाली बराच वेळ पाहिलं.
"दिसत तर नाही. पण नाहीच, असं छातीठोक नाही सांगत हां, मावशी."
घरी म्हटलं, दात साफ करून आले.

११ नोव्हें.
पोस्ट बसला. उदबत्तीच्या काडीएवढा. निळा उजेड, तोंडावर रबराचा पडदा, दीड तास आ. माप घेतलं, तात्पुरती कॅप दिली. "डावीकडून काही चावायचं नाही."
जेवताना हे : "आज नुसता वरण-भात?"
"पित्त झालंय."
तिसरं खोटं. मोजतेय.

१९ नोव्हें., बुध.
कॅप बसली. निळा कागद चावायचा, ठसा उमटेल तिथे त्यांनी घासायचं, पुन्हा चावायचं. जिभेला दात परका लागतो, पण भोक नाही. डॉ. न. : "आता जपून वापरा. चावताना कळ आली तर मुळाला तडा असू शकतो, वाट पाहत बसू नका. लगेच या."
आरशात तोंड उघडून किती वेळ उभी होते.

२२ नोव्हें., शनि., दुपार
ह्यांनी काकडी चिरली, मी भाकऱ्या टाकल्या. डावीकडे पहिला घास. ठीक. दुसराही. तिसऱ्याला काहीतरी... कळ की नुसती भीती? पुन्हा चावलं, नाही. पुन्हा, होती.
"काय गं, थांबलीस?"
'काही नाही' ओठांवर आलं होतं. घास काढून ताटात ठेवला.
"अहो, जूनमधलं एक सांगायचंय."
सगळं सांगितलं. पित्तासकट. ह्यांनी ऐकून घेतलं, उठले, हात धुतले.
दवाखाना चारला उघडतो. आत्ता सव्वातीन. हे बूट घालून दाराशी बसलेत, गाडीची किल्ली मुठीत.