पारूआत्यानं सुलीसाठी गायलेला धवला

२८ नोव्हेंबर २००७, बुधवार
लिहूनच टाकतो. पारूआत्याचा आवाज मी चोरला.
करायचं होतं भलतंच. शेजारच्या पारूआत्याच्या शिव्या एक नंबर. कोंबडी घरात शिरली तर कोंबडीच्या आजीपर्यंत जाते. म्हटलं रेकॉर्ड करू, रिंगटोन ठेवू, पोरं लोळतील. दुपारी तिच्या मागच्या पडवीत तांदळाच्या डब्यामागं फोन चालू करून ठेवला, कोंबडी आत सोडली, पळालो.
नंतर फोन काढून ऐकलं तर शिव्या नायच आल्या. नुसतं हुश केलं आणि गायला लागली.
आत्या आमच्या गावची धवलारीण, लग्नातली गाणी, धवले, गाणारी. भटजी नंतर, आधी ती. तांदूळ धुवायचे, मांडव घालायचा, हळद लावायची, प्रत्येकाचा वेगळा धवला, आणि नवरीचं नाव घालून जागच्या जागी नव्या ओळी. तिनं तोंड उघडल्याशिवाय हळदीच्या वाटीला हात लावायचा नाय.
पण हा धवला सुलीचा होता. सुली तिची पोरगी. दोन वर्षांमागं शेजारच्या लूमवर, कापडाच्या मागावर, कामाला असलेल्या पोराबरोबर पळाली. आत्याच्या नवऱ्यानं, दामूमामानं, जिवंत पोरीचं बारावं घातलं. घरात तिचं नाव काढायचं नाय, दिसली तर तंगडी तोडीन. आणि ही बाई पडवीत बसून,

मांडव नाय गो दारी सुले, वाजप नाय गो दारी,
आय तुझी बसली धवला गाया, नवरी नाय घरी

भिंतीपलीकडं लूम, खटॅक खटॅक. ती त्याच्या बरोबर नाय गात, जरा मागं राहते. वाटतं चुकली, आता चुकली, आणि शेवटाला बरोबर येऊन बसते. मधेच लाइट गेली. लूम बंद. आवाज एकटाच राहिला. खरखरीत, मिसरीनं भाजलेला, विहिरीत पायरी पायरीनं उतरतो असा. ऐकून मी...
जाऊ दे. माझ्या दोस्ताला, इमूला ऐकवलं. तिथं माती खाल्ली.

३० नोव्हें., शुक्रवार
लूमला सुट्टी. कान मोकळे.
इमूचं दुकान धामणकर नाक्याला, लोकांच्या मोबाइल कार्डात गाणी भरून देतो. ऐकून त्याचा वडापाव हातातच राहिला. ‘अबे ये कौन है? रोंगटे देख मेरे!’ मी भाव खात ब्लूटूथ केलं.
आज बघतो तर यानं ते ‘हलदी’च्या फोल्डरमधी टाकलंय. आणि दोन दिवस सगळ्यांच्या कार्डात भरतोय.
‘अरे येड्या, हे हळदीचं नाय!’
‘तूच बोललास ना धवला हाय? धवला हलदीलाच लावतात ना तुमच्यात? मेरेको क्या पता कौनसा रोनेवाला है!’
त्याचंही बरोबर हाय. कशेळीचा एक डीजेवालापण घेऊन गेला म्हणे.

२ डिसेंबर, रविवार
अक्षर वाईट येतंय. तसं नेहमीच येतं.
कशेळीला हळद होती, आम्ही सगळे गेलो. पारूआत्याला गायला बोलावलं होतं. तिचं झालं, मग डीजे. तिसऱ्या का चौथ्या गाण्याला ढम्म ढम्म सुरू झालं आणि वरून तिचा आवाज. खाली त्याचा बाजा. जिथं ती मागं राहते तिथं त्यानं कापून पुढं ओढलेली. नुसती पळवली तिला.
पब्लिक पागल. दामूमामा मधोमध, दोन्ही हात वर, टॉवेल फिरवतोय. बायका ओरडल्या, ‘अगो पारू, ह्यो तर तुझाच आवाज गो!’
मग सुलीचं नाव आलं. डीजेनं तेच धरून ठेवलं, सुले सुले सुले सुले.
मामाचे हात वरच राहिले. बाकीचे नाचतच होते.
आत्या हळदीच्या ताटाजवळ बसलेली. उठली, ताट सरळ केलं, पदर घेतला आणि रिक्षा स्टँडकडं चालायला लागली. मी मागं गेलो नाय.

४ डिसेंबर, मंगळवार
मामानं आत्याला मारलं नाय. मारलं असतं तर आमच्या बापानं मधी पडून सोडवलं असतं. नुसतं म्हणाला, ‘गा आता. नाचव सगल्या गावाला.’ तेव्हापासून बोलत नाय.
सकाळी आत्या आमच्याकडं आली. रविवारी माझ्या बहिणीची, मनीची हळद. आईला म्हणाली, ‘वैनी, मी येन, बसन, हलद लावीन. पन गानार नाय.’
आई रडायला लागली. दादा म्हणाला, ‘एवढं काय, सीडी लावू.’
मनी ताटावरून उठली. ‘सीडीत माजं नाव येतं काय रे?’


५ डिसेंबर, बुधवार
गेलो कबूल करायला. ती भाजी निवडत होती. वर न बघता म्हणाली, ‘कोंबरी तूच सोरलीस ना?’
म्हटलं, हो.
‘वाटलंच मना. ती कोंबरी आमची नव्हती.’
पाया पडायला गेलो, पाय मागं घेतले. ‘लग्नातले धवले सगल्यांचे, पोरा. नेवा, वाजवा, नाचा. ह्यो माजा एकटीचा होता.’
मी म्हटलं, आत्या, माझ्यावर काढ, मनीवर नको.
‘मी काय रुसून बसलेय? सकाली पानी भरताना बगितलं गाऊन. घसा हाय. येतंय जिथून, तिथं कायच नाय.’ मग म्हणाली, ‘पुसून टाक ते. सगल्यांच्या फोनातून.’
दिवसभर तेच केलं. नाक्यावर रिक्षावाल्यांच्या हातापाया पडलो. एकाचं पुसतोय तोवर शेजारचा दुसऱ्याला ब्लूटूथ करतोय. एक म्हणाला, ‘पुसू नको ना भाय, पॅसेंजर मागतात.’ इमूनं दुकानातलं काढलं. पण गेलेलं कसं काढणार? खाडीत मीठ पडलं, आता कुठलं वेचू.

७ डिसेंबर, शुक्रवार
दुकानात बसलो होतो. ओढणी बांधलेली एक बाई आली. ‘पारू धवलारनीचं गानं हाय काय?’
इमू म्हणाला, बंद झालं. तिनं ओढणी खाली केली.
सुली.
शेअर रिक्षात ऐकलं तिनं. उतरायचं ठिकाण गेलं, पुढं गेली, तरी बसूनच होती. ‘मना वाटलं आयनं पन बारावं जेवलं माजं,’ म्हणाली. ‘ढम्म ढम्मवालं नको. आय जशी गाते तसं दे.’
तसं हाताशी एकच होतं, माझ्या फोनात. पुसतो म्हणून आत्याला शब्द दिलेला, पण तेवढं पुसवलं नव्हतं. दिलं तिला. मग माझं पुसलं.
उभ्या उभ्या कानाला लावून ऐकलं. लाइट जाते तिथं डोळे मिटले.
मी म्हटलं, चल घरी, नायतर मी आत्याला सांगतो तू ऐकलंस. ती गायला लागेल बघ.
माझं मनगट धरलं. ‘पप्या, आयला सांगू नको. ती गप बसंल, तिचा गला गप बसनार नाय. जे होतं ते तिच्या गान्यात येतं. भर मांडवात येल, आनि बापूस आमच्या दारात.’
कुठं राहते ते इथं लिहीत नाय.

८ डिसेंबर, शनिवार
उद्या हळद. आत्या दुपारी आली, आईबरोबर हळकुंडं कुटली. नुसता मुसळाचा आवाज. बायका एकमेकींकडं बघत होत्या.
जाताना मला बाजूला घेतलं.
‘पुसलंस सगलं?’
‘हो.’
‘एकाबी फोनात नाय?’
‘नाय.’
मला वाटलं बरं वाटेल तिला. ती उंबऱ्यात उभीच राहिली. मग म्हणाली, ‘म्हंजे आता कोनीच नाय आयकनार ते.’
माझ्या ओठावर आलं होतं. इतकं आलं होतं की दात लावून धरलं. ‘सुलीनं ऐकलं’, हे दोन शब्द बोललो तर उद्या ती गाईल, मनी रडायची थांबेल. आणि सुलीच्या दारात मामा आणि त्याचे भाऊ. नाय बोललो तर ही अशीच, ताट धरून.
ती गेली. मी काय करू? जन्मभर लोकांना टोप्या घातल्या, आता एक अक्कल सुचत नाय.
ही वही कुणाच्या हाताला लागली तर तुमच्या पाया पडतो, सुली भेटली हे कुणाला सांगू नका. मामाला नको, नाक्यावरच्या पोरांना नको, माझ्या आईला तर नकोच, तिच्या तोंडात तीळ भिजत नाय. मला काय करायचं ते करा.
आणि आत्याला नका सांगू. उद्या पाटासमोर गप बसलेली दिसली, बघवलं नाय, तरी नका सांगू.