झालो की झाला

आये, मी तुझ्यावर अजून रागावलेली आहे. इतकी वर्षं झाली तुला जाऊन, माझ्या डोक्यावरचे केस तुझ्यापेक्षा पांढरे झाले, आणि तरी सकाळी कांदा चिरायला घेतला की तुझी आठवण येते आणि आठवणीच्या पाठोपाठ राग येतो. लोकांना आजी आठवली की भरून येतं. मला भांडावंसं वाटतं. तू मात्र भांडणाच्या पल्याड जाऊन बसलीस, हाही राग आहेच.

लालबागच्या चाळीतली आपली खोली मला दिसते. तू नातवंडांची आजी कमी आणि गिरणीतल्या माणसांची खाणावळवाली जास्त होतीस. सगळे तुला आये म्हणत, म्हणून मीही आयेच म्हणायचे. दुपारी पहिल्या पाळीची माणसं जेवून गेली की तू पाट्याशी बसायचीस, मी समोर. वाटप वाटता वाटता तू गावच्या गजाली सांगायचीस. गोठ्यात वाघ शिरला तेव्हा तू पेटती चूड घेऊन एकटीच दारात उभी राहिलीस ती. "वाघ माका बघता नि मी वाघाक. शेवटी त्याचाच धीर सुटलो," असं म्हणून तू वरवंटा थांबवून हसायचीस. पुरात म्हशीचं शेपूट धरून खाडी पार केलीस ती. तुझे हात बोलायला लागले की वाटपाचे शिंतोडे माझ्या फ्रॉकवर उडायचे आणि संध्याकाळी आई मला ओरडायची.

पण त्या सगळ्यांत थोरली गजाल मचव्याची. आजोबा इथे गिरणीत, त्यांच्याकडून काही कळेनासं झालं, तेव्हा तू कोणाला न सांगता बंदरावर गेलीस आणि कौलं भरलेल्या मचव्यात चढून बसलीस. बाबा तेव्हा तुझ्या पोटात होते. मचवा हाकणारा तांडेल म्हणाला, "बायलमाणूस एकटा? उतर खाली." तू कौलांच्या ढिगावर मांडी ठोकलीस आणि म्हणालीस, "माका उतरवचा असा, तर दर्यात उतरव." चार खलाशांवर हुकूम चालवणारा तो तांडेल, त्याची बोलती बंद! मग मचवा निघाला, किनारा दिसेनासा झाला, वारा फिरला, शीड फाटलं, आणि तांडेलाने तुझ्या अंगावर दोर टाकला आणि ओरडला. काय ओरडला? तू तिथे थांबलीस. "फुडला उद्या सांगतंय. आता कांदो काप."

तुझ्या दोन्ही तळहातांवर आडवा व्रण होता, गुळगुळीत, दोर सरकून गेल्यासारखा. मी त्यावरून बोट फिरवायचे. तो कुठून आला ते मला दुसऱ्या दिवशी कळणार होतं.

दुसऱ्या दिवशी मोर्चा होता. त्या दिवसांत मोर्चे काय कमी होते? चाळीचा जिना काळ्या झेंड्यांनी भरलेला असायचा, गिरणीच्या भोंग्यापेक्षा घोषणा जास्त ऐकू यायच्या. बायकांचा मोर्चा म्हटल्यावर तू खाणावळीचं झाकपाक करून, कासोटा घट्ट मारून निघालीस आणि मला बोटाला धरून नेलंस. आई नको नको म्हणत राहिली. तू ऐकणार थोडीच! मला आठवतंय, तुझा आवाज असा लागला होता की पुढच्या बायका वळून बघत होत्या. "संयुक्त महाराष्ट्र झालोच पायजे!" तुझ्यामागून आपल्या चाळीतल्या साऱ्याजणी, "झालोच पायजे!" मीही. माझा घसा बसला होता आणि मला फार मोठं झाल्यासारखं वाटत होतं.

तेवढ्यात ती बाई आली. परळच्या नाक्याजवळ, खादीची पांढरी साडी, दंडाला फीत. घोषणा द्यायला पुढे असणाऱ्यांपैकी. चांगली हसून, तुझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "अहो आजी, झालो नव्हे, झाला म्हणा. आपल्या भाषेसाठीच तर चाललंय ना हे सगळं!" तिच्याबरोबरच्या दोघीतिघी हसल्या. वाईट हसल्या असं नाही. घरातलं मूल बोबडं बोललं की हसतात तशा.

आणि तू गप्प बसलीस. वाघापुढे हटली नाहीस, तांडेलाला 'दर्यात उतरव' म्हणून सुनावलंस, पैसे बुडवणाऱ्या मुकादमाचं ताट चारचौघांत उचललंस, ती तू. त्या बाईपुढे मूग गिळून गप्प! मी तुझ्याकडे बघत होते. आता आये काहीतरी बोलेल, आता हिची चंपी होईल, म्हणून वाट बघत होते. तू पदर डोक्यावर घेतलास आणि मोर्चा संपेपर्यंत तोंड उघडलं नाहीस. त्या बाईचा राग मला कधीच आला नाही, आये. तू कोण ते तिला काय माहीत होतं? तुला माहीत होतं.

परत येताना वाटेत तू मला म्हणालीस, "आजपासून माका-तुका बंद. त्या बायेसारखा बोलूचा. तुका कोणी हसूक नको." आपल्या बोलीत तू माझ्याशी बोललेलं ते शेवटचं वाक्य. बोली बंद करायचा हुकूमही तुला बोलीतच द्यावा लागला.

त्या दिवसापासून तू बदललीस. शेजारणींशी, जेवायला येणाऱ्यांशी तेच जुनं बोलणं, पण मी दारात दिसले की गजाल तुटायची. एकदा मी पडद्यामागे लपून ऐकत होते तर कान पिळलास. मला नुसतं शुद्ध. आणि शुद्ध तुला येत होतं किती? वाढ, घे, धू, पुसून ठेव, अभ्यास कर. शिरा पडो त्या शुद्धावर! मी दिवसच्या दिवस मागे लागले, आये, मचव्याचं पुढे सांग. तू ताकास तूर लागू देईनास. फारच रडले तेव्हा पाट्यावरून मान वर न करता म्हणालीस, "मी मचव्यात बसले. वारा आला. दोर ओढला. मुंबईला आले."

एवढंच! म्हशीच्या शेपटाला अख्खी दुपार पुरवणारी तू, आणि सगळ्या आयुष्यातल्या मोठ्या गजालीचं हे असं केलंस. सांगताना तुझे हात हललेसुद्धा नाहीत. बाबांना विचारलं तर म्हणाले, मचव्यातून आली एवढं ठाऊक. त्यांनी कधी विचारलंच नव्हतं. आजोबा त्याआधीच गेलेले. दोर टाकून तांडेल काय ओरडला, तू काय केलंस, फाटक्या शिडाचा मचवा मुंबईपर्यंत पोचला कसा, हे तुझ्याशिवाय कोणाला ठाऊक नव्हतं. आणि तू ते स्वतःहून बंद केलंस, माझ्या भल्यासाठी.

मग एकदाचं राज्य झालं. चाळीला दिव्यांच्या माळा, गुलाल, साखर वाटताहेत, पोरं गॅलरीतून ताटं बडवताहेत. तू आत चुलीपाशी होतीस. मी धावत आले. मला वाटलं, आज तरी. आजचा दिवस तुझाच आहे, आज कोण हसतंय? मी तुझ्या गळ्यात पडून ओरडले, "आये, झालो! झालो गो!"

तू हात माझ्या तोंडावर दाबलास. तोच हात, तोच व्रण माझ्या ओठांवर. "झाला म्हण," म्हणालीस. तुझे डोळे भरले होते, आणि तरी हात काढला नाहीस, मी मान हलवेपर्यंत. बाहेर सगळी चाळ मराठीचा जयजयकार करत होती.

तू चुकलीस असंही मला म्हणता येत नाही, यातच तर माझा राग अडकतो. मला कोणी हसलं नाही. गिरगावात छापखान्यात मुद्रितं तपासायच्या नोकरीवर लागले, जन्मभर दुसऱ्यांच्या झालोचं झाला केलं आणि त्यावर पोरांची शिक्षणं झाली. मोठमोठी माणसं म्हणायची, बाईंची भाषा काय स्वच्छ आहे. तू असतीस तर त्यांना बांगड्याचं तिखलं वाढलं असतंस. पण तू त्याआधीच गेलीस, भर दुपारी, पाट्याशी बसल्या बसल्या. तुझ्या मुठी मिटलेल्या होत्या. न्यायच्या आधी त्या उघडून बघाव्यात असं मला फार वाटलं, पण बायकांनी मला बाजूला केलं.

हे पाठवणार कुठे? तुला वाचताही येत नव्हतं. गावाहून पत्र आलं की वाचून दाखवायला मीच. तेव्हा हेही मलाच मोठ्याने वाचावं लागेल, आणि तू पाट्यावरून मान वर न करता ऐकशील.

एक सांगायचं राहिलं. या पत्राची पहिली ओळ ही नव्हती. मी तुझ्या बोलीत सुरुवात केली होती, "आये, तू खंय आसस?" मग वाटलं, आसस की असस? कानाला दोन्ही बरोबर वाटत होती. जन्मभर भाषा तपासली, आणि हा एक शब्द मला तपासता येईना. विचारायला ती चाळ नाही, त्या शेजारणी नाहीत. बराच वेळ पेन हातात धरून बसले, आणि मग ती ओळ खोडून शुद्धात लिहायला घेतलं.