रिकामी परत आलेली जीप

२४ एप्रिल २०१९

परत अडकलं! बुऱ्हानपूरच्या मंडीतला केळीच्या लिलावाचा आमचा प्रोग्राम आणि वजनकाट्याचा जुना प्रोग्राम एकमेकांना जोडल्यापासून हे असंच चाललंय. स्क्रीनवर चूक दिसत नाही, आणि काही हलतही नाही. बाहेर ट्रक उभे, ऊन असं की घड काळे पडतील. पंडितशेठ व्यापारी काचेवर टकटक करून म्हणाले, "इंजिनियर साहब, केळं काय तुमच्या कम्प्युटरची वाट पाह्यते का?"

बंद करून पुन्हा चालू केलं. लाज वाटली.

२६ एप्रिल

जेवताना आईनं विषय काढलाच. "आखाजी आली. मंगलेले आनाले कोन जाईन?"

 आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बहिणीला सासरहून आणायला भावानं मुराळी म्हणून जायचं, ही आमच्याकडची रीत. मागच्या वर्षी नेमका त्याच दिवशी लिलावाचा प्रोग्राम सुरू होणार होता, म्हणून मी तिच्या सासरी तुकईथडला भाड्याची जीप पाठवली. एसीची! मंगलानं ती रिकामी परत पाठवली. ड्रायव्हरजवळ निरोप — "मी काय पार्सल आहे का?"

तेव्हापासून बोलणं बंद. फोन तिनं करावा. अपमान माझा झालाय.

२९ एप्रिल

इंदूरहून आमच्या कंपनीतल्या सीनियर सुमन मॅडमनी फोनवर सांगत सांगत प्रोग्रामच्या आत काय चाललंय ते बघायला लावलं. आत एकाच वेळी कितीतरी कामं चालतात, एकेक काम म्हणजे एक थ्रेड. तो जन्मतो, पाळी आली की चालतो, कुणासाठी तरी थांबतो, शेवटी संपतो. कॉलेजात घोकलं होतं हे सगळं! आमचे दोन थ्रेड थांबलेले निघाले. काट्याचा थ्रेड ट्रकची नोंद धरून बसलाय, म्हणतो आधी भाव द्या. लिलावाचा थ्रेड भाव धरून बसलाय, त्याला आधी नोंद हवी. हातातलं कोणीच सोडत नाही.

"वर्षभर असेच उभे राहतील हे," मॅडम हसून म्हणाल्या.

मला काही हसू आलं नाही.

३० एप्रिल

एक गोष्ट डोक्यातून जात नाही. थांबलेला थ्रेड हाकेसरशी उठतो. संपलेला पुन्हा सुरू करता येत नाही, कितीही डोकं आपटा. प्रोग्रामात निदान आत डोकावून कळतं, कोण थांबलंय आणि कोण संपलंय. बाहेरून दोघं सारखेच गप्प.

मंगला यातली कोणती? भीती वाटते.

२ मे

जमलं! ठरावीक वेळ वाट बघायची, नाही मिळालं तर एकानं हातातलं सोडून मागं व्हायचं. मी मॅडमना विचारलं, दोघांपैकी कोणी?

"अरे कोई भी! चूक कोणाची ते शोधत बसलास तर केळी सडतील."

काट्याच्या थ्रेडला मागं घेतलं. दिवसभर लिलाव धडाधड चालला. पंडितशेठनी चहा पाजला.

थ्रेडचं बरं असतं. त्याला मान-अपमान नाही.

३ मे

आळीतल्या सगळ्या लेकी आल्या. तापीच्या राजघाटावर शेजारच्या धुरपदाबाईंची लेक भेटली. "मंगला कधी येईन?"

"येईल," म्हणालो. साफ खोटं! आईनं कडुलिंबाला आखाजीचा झोका बांधून ठेवलाय. कोणी बसत नाही त्यावर.

४ मे

आई आज माझ्याशी बोललीच नाही.

५ मे

सकाळच्या बसनं निघालो. मंगलाला कळवलं नाही — फोन उचललाच नाही तर?

५ मे, दुपारी, तुकईथड

मंगला घरी नाही! तिची सासू सोजरबाई पाणी देत म्हणाली, "भाऊ, ते तं सकायीच बुऱ्हानपूरले गेली. म्हने, तो नाही येत तं मीच जाते." आमच्या बस वाटेत कुठंतरी समोरासमोर गेल्या असणार.

फोन लावला. ती आईजवळ पोचली होती. आधी नुसतं रडणं. मग म्हणाली, "तू हालू नको तिथून. मी उलट्या पावली येते. मले न्यायले आला ना दादा? मंग नेऊनच दाखव!"

ओट्यावर बसलोय. वाट बघत.