सासूबाईंना परत आणण्यासंबंधी

मोझांबिक बेट,
रविवार, दुपारचं जेवण झाल्यावर

आदरणीय बेलार्मिनोदादा,

धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचा, म्हणजे माशीशच्या सिल्व्हेरिओ न्हाव्याचा, तुम्हाला आणि वहिनींना मनापासून नमस्कार. तुमचं ब्लडप्रेशर आता ताळ्यावर आलं असेल अशी आशा करतो. आलं नसेल तर हे पत्र आधी वहिनींच्या हाती द्यावं आणि त्यांनी त्यातलं निवडक तेवढंच वाचून दाखवावं. धाकट्याचा पुढचा दात आला का? तुमच्या बिल्डिंगची लिफ्ट सुरू झाली का? (हे मी उगीच विचारत नाही, आईंनी मुद्दाम विचारायला सांगितलंय. तुम्ही काय उत्तर देणार तेही त्यांनी मला आधीच ऐकवून ठेवलंय.) इकडे सगळं क्षेम आहे. आई दोन्ही वेळा पोटभर जेवतात आणि रात्री आढ्याकडे तोंड करून घोरतात. गुडघ्यांचं म्हणाल, तर ते फक्त जिना चढताना दुखतात, होडीत चढताना दुखत नाहीत, असं माझ्या लक्षात आलं आहे. डॉक्टरांना विचारून ठेवा, असा आजार असतो का.

आता मुद्द्यावर येतो. आईंना चौथ्या मजल्यावरच्या तुमच्या घरी न्यायचं ठरलं, सामानाला ट्रक ठरला, आणि त्याच आठवड्यात आई नाहीशा झाल्या, तेव्हा तुम्ही मला फोनवर म्हणालात, "व्हिलांकुलोपर्यंत तर जायचंय, संध्याकाळपर्यंत आईला घेऊन ये." माझ्या बायकोने, तुमच्या ग्रासिएतने, तर दुकानात येऊन, माझ्या गिऱ्हाइकाची अर्धी दाढी व्हायची असताना, सगळ्यांदेखत बजावलं, "आईला घेतल्याशिवाय घरात पाऊल टाकायचं नाही." दादा, मी तिचं हे वाक्य अक्षरशः पाळतो आहे. आईंना घेतल्याशिवाय मी घरात पाऊल टाकलेलं नाही. आईंना घेऊनही टाकलेलं नाही, एवढाच काय तो फरक. तुम्ही म्हणाल, निदान फोन करायचास. फोनची हकीकत पुढे येईलच. (तो समुद्रात आहे.)

आई गेल्या कशा, याबद्दल माशीशमध्ये दोन मतं आहेत. आई म्हणतात, नेहमीसारखी भजीची परात घेऊन उत्तरेच्या बसमध्ये चढले, मागच्या सीटवरच्या बाईला भजीपाव देत होते, तेवढ्यात मेल्याने बस सोडली. कंडक्टर म्हणतो, आजी चढल्या, परात मांडीवर घेऊन खिडकीशी बसल्या आणि मलाच म्हणाल्या, "आता कुणाची वाट बघतोस? सोड की." मी दोघांनाही ओळखतो, म्हणून यावर काही बोलत नाही. व्हिलांकुलोला उतरून शोधायला लागलो, तर फार शोधावं लागलं नाही. किनाऱ्यावर सुरूच्या झाडाखाली कोणाची तरी चूल, कोणाची तरी कढई आणि आपल्या आई. भोवती कोळ्यांचा घोळका. मला बघून ना दचकल्या, ना ओशाळल्या. म्हणाल्या, "आलास? बरं झालं. हा झारा धर, मी जरा पाय मोकळे करून येते." दादा, मी संध्याकाळपर्यंत भजी तळली. आलो कशासाठी ते सांगायची संधी मिळाली तेव्हा आई म्हणाल्या, "येते ना घरी. कोण नाही म्हणतंय? पण उद्या इन्यासोरोची होडी आहे, तिच्या तांडेलाला मी शब्द दिलाय." इन्यासोरो उत्तरेला आहे आणि आपलं घर दक्षिणेला, हे मी वाळूवर रेघ मारून दाखवलं. त्यांनी ती रेघ बघितली आणि तिच्यावर चवळीचं पातेलं ठेवलं.

होडी शिडाची होती. आमच्या खाडीवर फेरीबोटीने इकडून तिकडे जन्म गेला, तेव्हा समुद्र आपल्याला नवा नाही अशा तोऱ्यात मी बसलो होतो. किनारा दिसतो तोवर तोराही टिकला. नंतर मी कठड्यावर ओणवा झालो तो बराच वेळ तसाच होतो, आणि त्यातच कधीतरी खिशातला फोन माझ्या आधी खाली गेला. (त्यात तुमचा नंबर होता. तोंडपाठ असा मला एकच नंबर आहे, दुकानाची वीज दुरुस्त करणाऱ्याचा, आणि तो स्वतः कधी फोन उचलत नाही.) आई होडीच्या मधोमध, वाळूच्या पेटीतल्या चुलीशी बसून तांडेलासाठी भात शिजवत होत्या. मला म्हणाल्या, "जावईबापू, काही राहिलं असेल पोटात तर जेवायला या." पुढे ओहोटी लागली, तांडेलाचा अंदाज चुकला आणि होडी वाळूच्या दांड्यावर जी बसली ती बसलीच. चारी बाजूंना पाणी, मधे ओली वाळू, आणि त्यावर आपल्या आई कमरेचं कापुलाना कापड गुडघ्यापर्यंत खोचून शिंपले वेचत फिरताहेत! तांडेल डोक्याला हात लावून बसला होता, त्याला त्या म्हणाल्या, "अरे, पाणी येईल परत. त्याला दुसरं काम काय आहे?" पाणी आलं. मला मात्र भरती येईपर्यंत जमिनीवर बसायला मिळालं, तेव्हा त्या तांडेलाचा मी आजही आभारी आहे.

इन्यासोरोहून परत फिरायचं पक्कं होतं. पण तिथे कोणीतरी आईंना सांगितलं की केलिमानेची नारळाच्या रसातली कोंबडी आपल्या इन्यांबानेपेक्षा सरस असते. हे सांगणारा माणूस मला परत भेटला तर मी त्याची दाढी करणार आहे, एवढंच लिहितो. बैरापर्यंतचा रस्ता समुद्र सोडून आत जातो, त्याचा आईंना फार राग. दर थोड्या वेळाने ड्रायव्हरला विचारायच्या, "समुद्र कुठे नेऊन ठेवलास रे?" शेवटी तो बिचारा शपथेवर सांगायला लागला की रस्ता त्याने बांधलेला नाही.

केलिमानेला गावभर सायकलीच टॅक्सीसारख्या चालतात, मागे गादी लावलेल्या. रांगेतल्या पहिल्या सायकलवाल्याने आईंकडे बघितलं, मग मागच्या चाकाकडे बघितलं, आणि अतिशय नम्रपणे म्हणाला, "आई, तुमचा मुलगा चालवेल का? मी बाजूने पळतो." आई म्हणाल्या, "मुलगा नाही, जावई आहे, आणि तो चालवेल." दादा, केलिमाने शहर सपाट आहे असं सगळे सांगतात. सासूबाईंना मागे बसवून ते कोणी चालवून बघितलेलं दिसत नाही. मी घामाने निथळतोय, सायकलवाला बाजूने पळत माझ्या पायाखालच्या सायकलची काळजी करतोय, आणि आई एका हाताने माझा शर्ट धरून दुसऱ्या हाताने रस्त्यातल्या बायकांना नमस्कार करताहेत, जणू निवडणुकीला उभ्या आहेत!

कोंबडी मिळाली ती कुस्तोदियाबाईंच्या खाणावळीत. मोठ्या आवाजाची, रुंद खांद्यांची बाई. आईंनी एक घास घेतला, डोळे मिटले आणि विचारलं, "कोंबडी छान आहे. नारळ कुठला?"

"इथलाच. कुठला असणार?"

"वाटलंच मला."

बाई डाव घेऊन बाहेर आल्या. "काय वाटलं?"

"काही नाही हो. नारळच तो. इथल्या हवेत जेवढी गोडी धरवेल तेवढी धरणार."

"आणि तुमच्याकडचे नारळ काय साखर खाऊन वाढतात?"

"नाही. पण ते खाल्ल्यावर पाणी प्यावंसं वाटत नाही."

मी माझ्या ताटासह शेजारच्या टेबलावर गेलो. (बायकांच्या भांडणात न्हाव्याने पडू नये, हे मी धंद्यात शिकलो आहे.) त्यानंतर आतून खवणीचा आवाज आला, मग दोघींचा एकदम, मग कुणाच्या तरी सुनेची निंदा, आणि शेवटी हसणं. रात्री आम्ही कुस्तोदियाबाईंच्याच घरी झोपलो. सकाळी निघताना दोघी गळ्यात गळा घालून रडल्या. आईंच्या पिशवीत केलिमानेचे नारळ होते. 

पुढचा प्रवास सुक्या मासळीच्या पोत्यांवर बसून झाला, त्याबद्दल कमी लिहिलेलं बरं. पेबाने, मोमा, अंगोशे. किनारा सोडायचा नाही हा आईंचा हट्ट, आणि किनाऱ्याने जे मिळेल ते वाहन. शेवटी पुलावरून या बेटावर आलो. मुआनाशा नावाच्या विधवा बाईंनी ओटीवरची खोली दिली. पहिल्याच सकाळी उठून बघतो तर ओट्यावर दोन पांढऱ्याफटक तोंडाच्या बाया. मी अदबीने त्यांना विचारलं, "आमच्या सासूबाई कुठे दिसल्या का?" त्यातली एक म्हणाली, "दिसल्या. तुझ्यासारखा जावई देवाने का दिला म्हणून विचार करताहेत." मुआनाशाबाईंनी त्यांना मुसिरोचं लाकूड उगाळून तोंडभर लेप लावला होता. तेव्हापासून रोज लावतात. कातडी खरोखर तुकतुकीत झाली आहे, तुम्ही ओळखणार नाही.

दादा, आता एक गोष्ट मी न हसवता लिहितो. परवा तिन्हीसांजेला आम्ही धक्क्यावर बसलो होतो. तुमच्या शब्दाला जागून मी पुन्हा एकदा विचारलं, "आई, हे सगळं कशासाठी?"  पाण्याकडे बघत त्या म्हणाल्या, "उभा जन्म मी बसच्या त्या खिडक्यांमधून भजी दिली रे. लोक घ्यायचे आणि माझ्याकडे न बघता पुढे बघायचे. पुढे असं काय आहे ते एकदा बघायचं होतं. बेलार्मिनोच्या घरात जाऊन बसले असते तर राहूनच गेलं असतं."

"मग? काय आहे पुढे?"

"काही नाही. पुढच्या गावातही एक बाई भजीच विकत असते. तळलेली मात्र वाईट." आणि एवढ्या जोरात हसल्या की पाण्यातली माणसं वळून बघायला लागली. मीही हसलो. 

तेव्हा दादा, रागवू नका, पण ट्रकवाल्याला नाही म्हणून सांगा. आई माशीशला आपल्या घरी येतील, तुमच्याकडे पाहुण्या म्हणून येतील, पण चौथ्या मजल्यावर कायमच्या राहायला येणार नाहीत. "त्याच्या खिडकीतून समोरच्या बिल्डिंगचं वाळत घातलेलं दिसतं, ते मी किती दिवस बघू?" हे त्यांचे शब्द. तुमच्यावर त्यांचा जीव आहे. रोज कुणाला ना कुणाला सांगतात, माझा मुलगा माप्युटोला मोठ्या हुद्द्यावर आहे. (हुद्दा रोज थोडा वाढतो. सध्या तुम्ही मंत्र्यांच्या शेजारी बसता.)

वहिनींना नमस्कार, मुलांना गोड पापे. पत्र बसच्या ड्रायव्हरबरोबर पाठवतो आहे. माणूस विश्वासू आहे, मी त्याचे केस कापले आहेत.

तुमचा आज्ञाधारक,
सिल्व्हेरिओ

ता. क. – ग्रासिएतला फोन करून सांगा की आईंची मोठी बिडाची कढई हवी आहे. इथल्या कढया पातळ, भजी करपतात. शिवाय दुकानातली माझी चांगली कात्री. धक्क्यावर चिंचेखाली एक खुर्ची टाकून बसतो. बेटावरचे लोक दाढीच्या बाबतीत फार दुर्लक्षित राहिले आहेत.

ता. क. दुसरा – वर जे लिहिलं ते सगळं खरं आहे, फक्त एक गोष्ट मी गाळली होती. परवाच्या त्या बोलण्यानंतर आईच म्हणाल्या, "चल रे, बास झालं, आता घरी जाऊ. गुडघे दुखतात." मी त्यांना सांगितलं की दक्षिणेच्या बसमध्ये जागा नाही. बस रिकामी होती. नाकालाला, म्हणजे अजून उत्तरेला, एक होडी जाते असं कळलंय आणि मला आता उलटी होत नाही. आईंनी माझ्याकडे नीट बघितलं आणि म्हणाल्या, "बरं. नसेल जागा."

ता. क. तिसरा, आणि पत्र खरं यासाठीच – कढई फार जड आहे, बसवाल्याच्या भरवशावर देण्यासारखी नाही. ती घेऊन ग्रासिएतने स्वतः यावं असं तुम्ही तिला सुचवा. मी बोलावलं असं म्हणू नका. लग्न होऊन एवढी वर्षं झाली, पण बायकोला "चल, समुद्राच्या कडेने जाऊन येऊ" हे कोणत्या तोंडाने म्हणतात ते मला अजून जमलेलं नाही. तुम्ही मोठे भाऊ आहात, तुम्ही म्हणून पाहा. नाहीच आली, तर तिला सांगा, मी आईंना घेऊन निघालोच आहे. होडीने येतोय, थोडा वेळ लागेल.